परतीची कळ

पंखा बंद केला, तशी घरात कुरकुर सुरू झाली.
मे महिना, दांडिया बाजारातला तिसरा मजला.
पण पंख्याखाली कॅमेरे उघडायचे नसतात,
एक स्प्रिंग उडाली की थेट
मागच्या जन्मात जाऊन पडते.

स्टीलचं ताट, त्यात जुना रुमाल,
रुमालावर स्क्रू, निघाले त्या क्रमाने.
प्रतापनगरच्या वर्कशॉपात चौतीस वर्षं
इंजिनं उघडली मी.
त्यांचे बोल्ट मुठीएवढे, हे मोहरीएवढे.
हात तेच. चष्मा नवा.

कॅमेरा हिमानी टिपणीसचा. फाइन आर्ट्सला आहे, दुसऱ्या वर्षाला.
शुक्रवारी बाजारात नऊशे सांगितले,
साडेसातशेला आणला.
"काका, लिव्हर फिरतो, आकडा पुढे सरकतो,
पण फोटो एकावर एक येतात."
तिने निगेटिव्ह खिडकीशी धरली:
सूरसागराच्या पाण्यात कमाटीबागेतला बाक बुडालेला,
मैत्रिणीच्या कपाळातून स्कूटर निघालेली.
"तसे बरे दिसतात," ती म्हणाली,
"पण मी काढलेले नाहीत ते."

हे मला पटलं.

आधी एक फुकट गेलेली फिल्म भरली.
लिव्हर ओढला आणि डावीकडच्या गुंडीकडे बघत राहिलो;
ती फिरली तर आत फिल्म चालते आहे.
पहिल्यांदा पूर्ण फिरली. दुसऱ्यांदा अर्धी.
तिसऱ्यांदा नुसती थरथरली,
सभेत बोलायला उठू की नको, अशा माणसासारखी.
आकडा मात्र पुढे. नऊ, दहा, अकरा.
आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी इतिवृत्त असंच लिहितो.

वरचं झाकण काढलं.
चाकाचे दाते शाबूत.
खिट्टीची स्प्रिंग मऊ वाटली,
म्हणून खालच्या वाद्यवाल्या परमारकडून
सतारीच्या तारेचा तुकडा आणला,
सुईभोवती वळून नवी केली.
आवाज सुधारला. कट्, कट्, कट्, अगदी स्वच्छ.
आणि चौकटी पुन्हा एकमेकींच्या अंगावर.

परमार दारातून बघत होता. म्हणाला, "चालशे, अंकल."
हा शब्द मला आवडतो,
निम्मं बडोदं त्यावर उभं आहे.
पण खिट्टीला चालशे कळत नाही.
ती धरते, नाहीतर सोडते.

साडेअकराला कंटाळून कॅमेरा पालथा ठेवला,
तेव्हा बुडाशी दिसली:
रोल संपल्यावर फिल्म परत गुंडाळताना
दाबतात ती बारीक कळ.
केसभर आत.
कुणी, कधीतरी, शेवटच्या फोटोनंतर दाबलेली
आणि वाळल्या ग्रीसने तशीच धरून ठेवलेली.
म्हणजे कॅमेऱ्याच्या लेखी
अजून परतणंच चाललं होतं.
वरून आपण पुढे ओढतोय,
आतला दात्यांचा रूळ मोकळा, कुणाचाच नाही.

जरा वेळ तसाच बसलो.
आमच्या घरात अजून म्हणतात, आपलं गाव राजापुराकडे.
खापरपणजोबा तिकडून निघाले.
तिथे घर नाही, तुकडा नाही,
रस्ता विचारावा असं कुणी नाही.
मुलाला गाव विचारलं की तो रावपुरा सांगतो,
आणि मी शेजारून दुरुस्ती करतो: "मूळ गाव."

लायटरच्या पेट्रोलचा एक थेंब, दातकोरणीच्या टोकाने.
काही नाही.
वडील म्हणायचे, जरा कळ काढ.
दुसरा थेंब.
मग ती उचलली गेली.
पंखा चालू असता तर ऐकूही आली नसती.

छत्तीस वेळा ओढला लिव्हर. गुंडी छत्तीस वेळा पुरती फिरली.
मग कळ मुद्दाम दाबली, फिल्म सगळी मागे घेतली,
पुन्हा लिव्हर ओढला
तशी ती आपली आपण वर आली.

झाकणं बसवली. पंखा लावला.
ताटात एक स्क्रू उरला होता.
या कॅमेऱ्याचा, की माझ्याआधी कुणी उघडला त्याचा,
बराच वेळ बघत बसलो.